नूरमहंमदभाईंचे त्रेचाळीस खडे

नूरमहंमदभाई कामावर आले की आधी बसतात. हत्यारांची पिशवी पायाशी, टोपी गुडघ्यावर, आणि नुसतं बघणं. विहिरीवरची मोटर असो की पिठाची गिरणी, पहिला अर्धा तास त्यांचा हात पिशवीत जात नाही. ज्याचं काम अडलेलं असतं त्याला हे बसणं सोसत नाही.

"भाई, उठा की आता. घास वाळायला लागलाय," असं कुणीतरी म्हणतंच.

"उठतो की. ती का रुसली ते तर कळू द्या," भाई म्हणतात. त्यांच्या बोलण्यात मोटर नेहमी बाईमाणूस असते.

आमच्या पाणीवापर संस्थेला पंचवीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघते आहे. चेअरमन गहिनीनाथराव मला म्हणाले, "अण्णा, तुम्ही सचिव. संस्थेच्या वाटचालीवर दोन पानं तुम्हीच लिहा." साखर कारखान्याच्या शेती खात्यात चौतीस वर्षं कारकुनी केली आणि निवृत्तीनंतर हे मानद सचिवपद आलं. या सगळ्या काळात मी लिहिलं ते फक्त सभांचे वृत्तांत आणि नोटिसा. वाटचाल लिहायला बसलो आणि चार दिवस कागद कोराच राहिला. पाचव्या दिवशी नूरमहंमदभाईंचं नाव लिहिलं आणि मग पुढचं सुचू लागलं. भाई संस्थेचे सभासद नाहीत. त्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. तेव्हा हा मजकूर स्मरणिकेत बसतो की नाही ते संपादक मंडळानं ठरवावं. काढून टाकला तरी माझी तक्रार नाही.

सोनईला बाजाराकडे जाणाऱ्या गल्लीत भाईंचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटरीतली जुनी तार काढायची आणि नवी तांब्याची तार वेटोळी करून भरायची, हा त्यांच्या वडिलांपासूनचा धंदा. दुकानाच्या मागच्या दारातून थेट घरात जाता येतं. मोटर भरताना वेढे मोजावे लागतात, एक जास्त नाही की एक कमी नाही. शंभर वेढे झाले की भाई समोरच्या पितळी वाटीत एक खडा टाकतात. कुणी बोलायला आलं की मोजणी चुकते, म्हणून शकिलाभाभी दाराशी बसून येणाऱ्याला थोपवतात. "खडा पडू द्या, मग बोला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा मीही त्या दाराशी थांबलो आहे. आत खडा वाजला तेव्हाच भाभी बाजूला झाल्या.

पन्नाशी उलटल्यावर भाई एक नवीन काम शिकले. त्यांची मुलगी अरफा हिनं नगरला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला. लॉकडाऊनमध्ये ती घरी होती, दुकान बंद होतं, तेव्हा तिनं वडिलांना कॉम्प्युटरची वायर जोडायला शिकवलं. त्या वायरीत केसासारख्या आठ तारा असतात, दोन-दोन तारांना एकमेकींचा पीळ दिलेला. टोकाला त्या ठरलेल्या क्रमानं लावून वर प्लॅस्टिकचा जॅक दाबून बसवायचा. "पोरगी माझी उस्ताद," भाई सांगतात. "पयले सात जॅक तिनं कापून टाकले. म्हनली, अब्बा, पीळ लई उकलला, आवाज एकमेकींत मिसळंल. मी म्हनलो, बाई, जलमभर पीळच घालत आलोय, आन् तू मला शिकवतीस?"

आता आमच्या ऑफिसबद्दल. आमचं ऑफिस म्हणजे कालव्यावरची जुनी दगडी चौकी. सरकारनं ती संस्थेला वापरायला दिली. एकामागे एक तीन खोल्या, बाजूनं मागच्या दाराकडे जाणारा बोळ, मधल्या भिंती दोन-दोन फूट जाडीच्या काळ्या दगडाच्या. पुढची खोली लोकांसाठी, मधली माझी. मागची पूर्वी सामानाची होती, तिथे ज्ञानेश्वरी बसते. ज्ञानेश्वरी आमची कॉम्प्युटर ऑपरेटर, पलीकडच्या वस्तीवरची मुलगी, बी. कॉम. झालेली. पुढच्या गोंगाटात तिच्याकडून चूक होऊ नये म्हणून तिला मागे बसवलं, असं मीच सुचवलं होतं. चांगलं केलं असं मला वाटत होतं.

आवर्तनाच्या आधी, म्हणजे कालव्याला पाणी सुटण्याच्या आधी, प्रत्येक सभासदाचा पाणीमागणीचा अर्ज भरून घ्यावा लागतो. तीनशे बारा सभासद. कुणाचं किती क्षेत्र, कोणतं पीक, कोणती चारी म्हणजे कालव्याचा कोणता फाटा, हे सगळं ज्ञानेश्वरी कॉम्प्युटरवर चढवते. मुख्य यादी माझ्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर असते आणि ती तिथून पाटबंधारे खात्याकडे जाते. यादीत ज्याचं नाव नाही त्याची पाळी नाही.

दोन वर्षांपूर्वी हर्षलनं ऑफिसात वायफाय बसवलं. हर्षल चेअरमनांचा पुतण्या, आमच्यातला सर्वांत तरुण संचालक. पुढच्या खोलीत भिंतीवर डबी लागली, तिच्यावर हिरवे दिवे लुकलुकू लागले आणि आम्ही सगळे खूश झालो. पासवर्ड कुणीही विचारायचं. कालव्याच्या ऑफिसात उन्हातान्हातून आलेल्या माणसाला आपण पाणी विचारतो, मग पासवर्डला नाही कसं म्हणायचं? मला तर कशालाच नाही म्हणता येत नाही. रोज पन्नास जणांना सांगून कंटाळलो तेव्हा मी तो सुवाच्य अक्षरात पुठ्ठ्यावर लिहिला आणि माठाच्या वर टांगला. वर लिहिलं, 'पाणी व वायफाय सर्वांसाठी'. लोकांनी अक्षराचं कौतुक केलं.

त्यानंतर दर आवर्तनाला आमची यादी रखडू लागली. अर्ज पुढच्या खोलीत वेळेवर जमा व्हायचे, पण कॉम्प्युटरवर चढायला उशीर लागायचा. गेल्या उन्हाळ्यात तर सव्वीस जणांची नावं मुदतीनंतर गेली आणि त्यांची पाळी आठ दिवस पुढे ढकलली गेली. सगळे शेवटच्या चारीवरचे. त्यांच्यातल्या बायडाबाई ऑफिसच्या पायरीवर उभ्या राहून सगळ्या संचालक मंडळाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पोरगी टाईप करती का रांगोळी काढती?"

दिवाळीनंतरच्या सभेत ठराव झाला. शब्द माझेच आहेत, वृत्तांत मीच लिहितो. 'कु. ज्ञानेश्वरी यांच्या कामाचा वेग समाधानकारक नसल्याने रब्बीच्या अर्जांची यादी दिनांक ३० रोजी दुपारी चारपर्यंत पूर्ण न झाल्यास हे काम बाहेरच्या केंद्राकडे द्यावे व त्यांची सेवा समाप्त करावी.' त्याच सभेत हर्षल म्हणाला, सिग्नल मागे कमी पडत असेल तर वायफायच्या आणखी दोन डब्या बसवू, म्हणजे तिला सबब राहणार नाही. तेही मंजूर झालं. ज्ञानेश्वरी तेव्हा मागच्या खोलीत होती. ठरावाची प्रत मी तिच्या टेबलावर ठेवली आणि ती मान वर करायच्या आत बाहेर आलो.

त्या दोन डब्यांना विजेचे पॉइंट काढून द्यायला नूरमहंमदभाई आले. अर्ज घ्यायला सुरुवात होऊन तिसरा दिवस होता. पुढच्या खोलीत बसायला जागा नव्हती. भाईंनी पिशवी ठेवली, टोपी गुडघ्यावर घेतली आणि मागच्या दाराकडे जाणाऱ्या बोळात खोक्यावर बसले.

अर्ध्या तासानं मी पाहिलं, तर बसलेलेच. दुपारी जेवणाच्या सुट्टीतही तिथेच. हर्षल जाताजाता म्हणाला, "अण्णा, भाईंना अर्ज भरायचाय का? दिवसभर रांगेत बसल्यासारखे बसलेत."

पाच वाजता गर्दी ओसरली. भाई माझ्या टेबलाशी आले आणि सदऱ्याच्या खिशातून मूठमूठ खडे काढून माझ्या टाचणवहीशेजारी ठेवले. कालव्याकाठचे बारके खडे.

"हे काय, भाई?"

"मोजा."

मी मोजले. त्रेचाळीस भरले.

"पोरीच्या फेऱ्या," भाई म्हणाले. "मागून निघती, तो पेन ड्राइव्ह का काय तो हातात. गर्दीतून वाट काढत तुमच्या कॉम्प्युटरला लावती. एखाद-दुसरा अर्ज उतरला की परत मागं. मधी कुनी आडवतंय, माझं नाव कुठवर आलं म्हनून. कुनी म्हनतंय, ताई, वायफाय चालंना, बघा की जरा. एका फेरीला सात-आठ मिनिटं. त्रेचाळीस फेऱ्या अण्णा, सकाळधरनं. ती टाईप कवा करनार?"

मी म्हटलं, "पण तिच्या कॉम्प्युटरवरून यादी थेट इथे यायला हवी. वायफाय आहे ना."

"बोलवा तिला."

ज्ञानेश्वरी आली. खडे बघून तिला काही कळलं नाही. मी विचारल्यावर म्हणाली, "लोक नसले की येतं सर. सकाळी नऊला येतं, संध्याकाळी सहानंतर येतं. लोक जमले की तुटतं. अर्ज भरत आणला की पान अडकतं आणि सगळं पुसून जातं. तीन-तीनदा टाकावं लागलं म्हणून मग पेन ड्राइव्ह सुरू केला."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं सर. दोनदा. तुम्ही बघतो म्हणालात."

म्हणालो होतो. मला आठवलं.

भाईंनी तिला जाऊ दिलं. मग मला विचारलं, "अण्णा, तुमच्या संस्थेचा नेम काय? पाणी सुटलं की आधी कुनाला?"

"टेलला," मी म्हणालो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चारीच्या तोंडाशी असतात ते हेडचे, शेवटाला असतात ते टेलचे. हेडवाल्यांनी आधी घेतलं तर टेलपर्यंत पाणी पोचत नाही, म्हणून आमच्या संस्थेनं पहिल्या दिवसापासून टेलकडून पाणी द्यायचा नियम पाळला. त्यासाठी भांडणं झाली, एकदा माझ्या सायकलीचे टायर फोडले गेले, पण नियम मोडला नाही.

"मग ही पोरगी टेलला हाय," भाई म्हणाले. "डबी पुढच्या खोलीत. तिच्या बुडाशी साठ मोबाईल. मधी दोन दगडी भिंती, वर त्ये नकाशाचं लोखंडी कपाट. पोरीपोतर काय पोचनार? आन् आनखी दोन डब्या लावून तरी काय? पासवर्ड माठावर लटकतोय. जितकं सोडाल तितकं हेडलाच पिऊन टाकत्याल."

त्या संध्याकाळी मी चेअरमनांच्या घरी गेलो. दारात दोनदा फिरून परत यायला निघालो होतो, पण त्यांनीच पाहिलं आणि हाक मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी चार संचालक ऑफिसात जमले. भाई आले.

हर्षलनं सुरुवात केली. "भाई, राग मानू नका. तुमी मोटरवाले. ह्यातलं तुमाला काय कळतंय?"

"न्हाईच कळत, हर्षलशेठ. म्हनून तर दिवसभर बसलो. कळत असतं तर आल्याबरोबर भोकं पाडली असती."

चेअरमन हसले. हर्षलही थोडा हसला, पण हटला नाही. "आख्खं जग वायरलेस व्हायला लागलंय आन् आपण आता वायरी वढायच्या?"

"वायरलेस वाईट न्हाई. माझ्या घरी बी हाय. तुमी मोबाईल घेऊन हिंडता, तुमच्या मागं वायर कशी हिंडवायची? तुमाला तीच पायजे. पर ताईंचं टेबल कुठं फिरायला जातंय का? अण्णांचा कॉम्प्युटर? प्रिंटर? ती जागची हालत न्हाईत. त्यांना वायर द्या. वायरलेस म्हंजे उघडा पाट, काठावर जो बसंल त्यो बादली घालनार. वायर म्हंजे पाईपलाईन. हिकडं सोडलं की थेट तिकडं पडतंय."

"आन् भिंतीचं काय?" चेअरमन म्हणाले. "ह्या भिंतीला भोक पाडायचं म्हणजे दगड हलणार. एकदा हलला की पावसाळ्यात गळती. त्याच भीतीनं तर वायफाय घेतलं आपण."

भाई उठले. मागच्या खोलीत जाऊन त्यांनी नकाशाचं कपाट हातभर सरकवलं. भिंतीत, छताखाली वीतभर अंतरावर मातीचा एक गोळा दिसत होता, गांधीलमाशीचं घर असावं तसा. भाईंनी स्क्रू ड्रायव्हरनं तो खरवडला. आत पांढऱ्या चिनी मातीची नळी होती, भिंतीच्या आरपार.

"पूर्वी कालव्याचा फोन असायचा न्हाई का? चौकीवरनं चौकीवर निरोप द्यायला. माझा बाप त्याची तार वढायला जायचा. त्याचीच नळी ही. तुमच्या मधल्या भिंतीला बी असनार, चुन्यानं बुजवलेली. काल बसल्या बसल्या दारातनं कपाटाच्या वर ह्यो गोळा दिसला."

मी त्या खोलीत अकरा वर्षं ये-जा केली होती.

चेअरमन म्हणाले, "ठीक हाय. टाका वायर. पण ठराव ठरल्यापरमानं राहील. तीस तारखेला चारला यादी न्हाई झाली तर काम बाहेर जाईल. टेलवाल्यांचं नुकसान पुन्हा परवडायचं न्हाई."

सगळे उठू लागले. मी सभेत कधी बोलत नाही. दुसरे बोलतात ते लिहून घेतो. त्या दिवशी मी खण उघडून खडे काढले आणि रजिस्टरावर ठेवले. दोन खाली घरंगळले, ते वाकून उचलले.

"हे त्रेचाळीस आहेत," मी म्हणालो. आवाज नीट निघाला नाही, म्हणून पुन्हा म्हणालो. "एका दिवसातल्या तिच्या फेऱ्या. मुलगी संथ नाही. ठराव मी लिहिला, पण मागं जाऊन एक तास बसलो असतो तर तसा लिहिला नसता. तिनं मला दोनदा सांगितलं होतं."

मग चेअरमन म्हणाले, "बरं अण्णा. तीस तारीख बघू."

वायर आणायचं हर्षलनं अंगावर घेतलं. दुसऱ्या दिवशी नगरहून एक गुंडाळी घेऊन आला. भाईंनी टोक सोललं, एक तार ब्लेडनं खरवडली आणि उजेडात धरली. वरून तांबडी तार आतून पांढरी दिसली.

"तांब्याचं पानी दिलेलं ॲल्युमिनियम," ते म्हणाले. "वरनं नवरी, आतनं भलतीच. हर्षलशेठ, तुमची चूक न्हाई, दुकानात कुनी खरवडून बघतंय का?"

"चालंल की काही दिवस," हर्षल म्हणाला.

"चालंल. आन् तीस तारखेला बसंल."

एकवीस तारीख होती. हर्षलनं भाईंकडे पाहिलं, मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, गुंडाळी परत गाडीला बांधली आणि त्याच पावली नगरला गेला. परत आला तेव्हा दिवस मावळला होता. येताना त्यानं नव्या वायरीचं टोक स्वतः खरवडून पाहिलं होतं. भाईंच्या हातात देताना म्हणाला, "घ्या, आतनं बी नवरीच हाय."

भाईंचं काम बघायला मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम खुर्ची घेऊन बसलो. घाईचा हात नाही. दिव्याच्या वायरीपासून त्यांनी ही वायर हातभर लांब ठेवली. का, असं विचारल्यावर म्हणाले, "वीज दांडगी बाई हाय. शेजारी बसली की हिला बोलू देत न्हाई." कोपऱ्यावर वायर मोडू न देता गोल वळवली. चिनी मातीच्या नळीतून टोक पलीकडे निघालं तेव्हा मागच्या खोलीतून ज्ञानेश्वरीनं ते धरलं आणि "आलं!" म्हणून ओरडली. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

एक जॅक पहिल्यांदा लागला नाही. भाईंनी अरफाला फोन लावला. तिनं व्हिडिओवर बघितलं आणि पलीकडून म्हणाली, "अब्बा, नारिंगी आणि हिरवी उलटसुलट." भाईंनी आमच्याकडे न बघता जॅक कापून टाकला. "हा आठवा," एवढंच म्हणाले.

संध्याकाळपर्यंत ज्ञानेश्वरीचा कॉम्प्युटर, माझा आणि प्रिंटर असे तिन्ही एका छोट्या डबीला वायरीनं जोडले गेले. वायफायही राहिलं, पण लोकांसाठी वेगळं. हर्षलनं त्याचा निराळा पासवर्ड केला आणि ऑफिसच्या कामाशी त्याचा संबंध तोडला. माठावरचा पुठ्ठा मी काढायला गेलो तर भाई म्हणाले, "ऱ्हाऊ द्या अण्णा. पासवर्ड तेवढा नवा लिहा. पान्याला आलेल्या मानसाला न्हाई म्हनू नका."

तीस तारखेला सकाळी आठलाच भाई हजर. काम संपलं होतं, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"आज काय, भाई?"

"पयलं पानी सोडलं की चारीवरनं मानूस फिरतोच की. कुठं फुटतंय का बघायला." आणि बोळातल्या खोक्यावर जाऊन बसले.

शेवटचा दिवस म्हणजे जत्रा. अंगणात मोटारसायकली, पायऱ्यांवर माणसं, माठ दोनदा भरला. ज्यांना पंधरा दिवस सवड झाली नव्हती ते सगळे त्याच दिवशी आले. सत्तर अर्ज बाकी होते. बायडाबाई माझ्या समोरच्या बाकावर बसून पुण्याच्या नातवाशी व्हिडिओवर बोलत होत्या.

"अण्णा, तुमच्या हापिसात आलं की नातू कसा सपष्ट दिसतो! घरी नुसता आवाज येतो मेल्याचा."

बोळातून भाई म्हणाले, "मावशी, गेल्या खेपेला तुमी इथं नातू बघत हुता, तवाच तिकडं तुमचा अर्ज अडकला हुता."

"म्हंजी?"

"म्हंजी टेलच्या बाईनं टेलच्या पोरीचं पानी तोडलं."

भाईंनी त्यांना समजावून सांगितलं. बायडाबाईंनी सगळं ऐकलं, मोबाईल कमरेला खोचला आणि तरातरा मागच्या खोलीच्या दारात गेल्या. मी खुर्चीवरून उठलो. पण त्या म्हणाल्या, "ए पोरी, मी तुला रांगोळी म्हनले हुते. इसरून जा." थोड्या वेळानं पिशवीतून मूठभर ओला हरभरा तिच्या टेबलावर ठेवून आल्या. आणि बाकावर बसून पुन्हा नातवाला फोन लावला. आता लावायला हरकत नव्हती.

मी घड्याळाकडे बघत होतो. अकरा वाजले, साडेबारा वाजले. माझ्या कॉम्प्युटरवरच्या यादीत नावं आपोआप खाली उतरत होती. मी कशालाही हात लावला नव्हता. मागे ती टाकत होती आणि इथे दिसत होतं. दोनशे ऐंशी. दोनशे नव्वद. मध्ये एकदा नाव पुढे सरकेना. उठून मागे गेलो तर ती हरभरा सोलत होती.

"अर्ज संपले सर," ती म्हणाली. "पुढून यायचेत."

म्हणजे आता उशीर माझ्या टेबलावर होत होता. मी जाऊन भराभर अर्ज तपासायला लागलो. हर्षल माझ्या शेजारी येऊन बसला आणि सह्या घेऊ लागला. तीनशे बारावं नाव दोन वाजून चाळीस मिनिटांनी यादीत पडलं. टेलच्या चारीवरचं एकही नाव राहिलं नाही. यादी पुढे रवाना झाली आणि पोच आली.

चेअरमन चारच्या आधी आले. त्यांनी पोच वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "अण्णा, ते रजिस्टर काढा. तुमच्याच हातानं खोडा." मी ठरावाचं ते वाक्य पट्टी धरून खोडलं, बाजूला तारीख घातली आणि सही केली. आजवर लिहिलेल्या सगळ्या वृत्तांतांत मी खोडलेलं तेवढं एकच वाक्य आहे. कुणाला बघायचं असेल तर रजिस्टर ऑफिसात आहे.

लोक पांगू लागले होते. ज्ञानेश्वरी मागच्या खोलीतून निघाली. दिवसभरात पहिल्यांदाच. हातात काही नव्हतं. बोळातून माझ्या टेबलाशी आली, माठातलं पाणी प्याली आणि दारात जाऊन वाऱ्याला उभी राहिली.

ती समोरून गेली तेव्हा खोक्यावर बसलेल्या भाईंचा हात सवयीनं सदऱ्याच्या खिशात गेला होता. तो तसाच रिकामा बाहेर आला. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, पिशवी उचलली आणि मला म्हणाले, "निघतो अण्णा. तुमच्या भाभीनं एका मोटरीचे वेढे अर्धेच मोजून ठेवलेत."

मला त्यांचे आभार मानायचे होते. आठ दिवस वाक्य जुळवत होतो. ते पायऱ्या उतरून गेले तरी माझ्या तोंडून "बरं" एवढंच निघालं. राहिलेलं इथे लिहिलं आहे.